नाकाखाली कुत्रा

मला चिनी येत नाही. एकच अक्षर येतं, आणि तेही मी हौसेने शिकलो नाही, गळ्यात पडलं. आजही चिनी मालाच्या दुकानात एखाद्या बरणीवर ते दिसलं की मला शिसारी येते. बरणीतल्या मालाची नव्हे. त्यात बहुतेक वेळा सोयाबीनचं आंबवलेलं पनीर असतं, खाणारे ते मिटक्या मारत खातात, त्यांचं त्यांना लखलाभ. शिसारी येते ती त्या अक्षराच्या आडून एका माणसाने जे केलं त्याची. तो चिनी नव्हता आणि सौदीही नव्हता. चांगला आपला मराठी होता.

तेव्हा मी सौदी अरेबियात, जिझानकडे होतो. रिफायनरीच्या आसपास बांधकामं चालली होती आणि मी एका लहानशा कंत्राटदाराकडे मटेरियल सांभाळायचो. आमची छावणी समुद्रापासून लांब नव्हती, पण समुद्र काही दिसायचा नाही. त्याची दमट, चिकट हवा तेवढी अंगाला लागायची, आणि अंघोळ करून बाहेर पडलं की पुन्हा अंघोळ करावीशी वाटायची. छावणीच्या एका अंगाला आम्ही हिंदी, पाकिस्तानी, नेपाळी, आणि दुसऱ्या अंगाला चिनी. मधल्या बोळाला लागून आमच्या बाजूचं एक छोटं स्वयंपाकघर होतं आणि त्या स्वयंपाकघरात चाचा.

चाचा आमच्याच किनाऱ्याचा, श्रीवर्धनच्या बाजूचा. नात्याने माझा कोणी नाही, पण आम्हा कोकणी मुसलमानांत नातं काढायला बसलं तर संध्याकाळपर्यंत निघतंच. कंपनीच्या पटावर तो कुक होता. मोठ्या मेसमध्ये सगळ्यांसाठी पिवळं पाणी शिजायचं, त्याला डाळ म्हणायचे. आम्हा कोकणातल्या मोजक्या लोकांसाठी चाचा त्या छोट्या स्वयंपाकघरात वेगळं रांधायचा. तांदळाची भाकरी, खोबऱ्याचं कालवण, आणि शुक्रवारी सुके बोंबील. सुट्टीवरून येताना आणलेले बोंबील संपले की जिझानच्या मासळीबाजारातून मिळेल ती मासळी आणून मीठ लावायचा. पण तिथल्या दमट हवेत मासळी सुकायची कुठली, ती नासायची. मग त्याने डोकं लढवलं. एसीचं बाहेरचं युनिट गरम वारा सोडतं ना, त्याच्यासमोर जाळी बांधली आणि मासळी त्यावर टाकली. दोन दिवसांत कडकडीत. कोकणी माणसाशिवाय हे कोणाला सुचणार?

वास यायचा. खोटं कशाला बोलू. पण जेवायला बसलं की तोच वास भूक खवळवायचा आणि घरच्या पडवीत बसल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारच्या त्या जेवणाला एक पाहुणा ठरलेला होता. कंपनीत माणसं घेणं, काढणं, इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, व्हिसे हे सगळं बघणारा साहेब. शहरातला, शिकलेला, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या घरी सुकी मासळी चालत नव्हती, बायको नाक मुरडायची, म्हणून हा दर शुक्रवारी गाडी काढून आमच्याकडे यायचा. “चाचा, तुमच्या हाताला काय चव आहे हो,” म्हणत बोटं चाटून पुसून खायचा, वर एक डबा भरून घ्यायचा आणि गाडीत बसायच्या आधी तोंडात बडीशेप टाकायचा. चाचा त्याच्यासाठी मधले तुकडे बाजूला काढून ठेवायचा. मला तेव्हाही त्या बडीशेपेचा राग यायचा, पण पाहुण्याला कोण बोलणार.

ती सौदायझेशनची वर्षं होती. सरकारने कंपन्यांना रंग वाटले होते. सौदी माणसं पुरेशी कामावर असतील तर हिरवा, नसतील तर पिवळा, मग लाल. लालमध्ये गेलेल्या कंपनीचे व्हिसे अडायचे, इकामे अडायचे. त्यात सरकारचं काही चुकत होतं असं मी कधी म्हटलं नाही. त्यांचा देश, त्यांची पोरं घरी बसलेली, मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. पण हिरवं व्हायला दोन वाटा होत्या. एक, सौदी माणसं घ्या आणि त्यांना काम शिकवा. दुसरी, परदेशी माणसं कमी करा. आमच्या कंपनीने दुसरी धरली. दर आठवड्याला कोणी ना कोणी बॅग भरायचा. माणूस मुदतीआधी झटकन काढायचा तर काहीतरी कारण लागतं, आणि कारण हुडकायचं काम त्या साहेबाकडे होतं.

चाचाला इतक्यात जायचं नव्हतं. इतरांनाही नव्हतं, पण चाचाचं वेगळं होतं. त्याची बायको येणार होती. आयुष्यभर हा माणूस सौदीत, आणि चाचीने मक्का बघितली नव्हती. दर सुट्टीत ती विचारायची आणि दर सुट्टीत हा म्हणायचा, पुढच्या साली नेतो. कुकच्या बायकोला व्हिजिट व्हिसा कुठून मिळायला? पण मधे नियम सैल झाले, चाचाने खेटे घातले, आणि व्हिसा निघाला. तिकीटही झालं. जेद्द्याला भाच्याच्या खोलीत उतरायचं, तिथून मक्केला, उमरा म्हणजे छोटी यात्रा करायची, मग तिला जिझानला आणून समुद्र दाखवायचा, असं त्याचं सगळं ठरलेलं. “आपल्या समुद्रासारखाच हाय, पण तिला दाखवनार,” म्हणायचा. आणि हा सगळा व्हिसा त्याच्या इकाम्यावर उभा होता. त्याचा इकामा गेला की तिचं येणं गेलं. हे आम्हाला माहीत होतं आणि साहेबालाही माहीत होतं, कारण व्हिसाच्या कागदावर शिक्का त्यानेच मारला होता आणि त्या शुक्रवारी चाचाने त्याला शिरा खिलवला होता.

आणि मग एका सकाळी चाचाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, बोळाच्या बाजूला, लाल रंगाने हे एवढं थोरलं अक्षर रंगवलेलं दिसलं: 臭.

आम्ही सगळे तिथे गोळा झालो. एकाने मोबाईल समोर धरला आणि मोबाईलने सांगितलं, दुर्गंधी.  मग सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या, एसीसमोरच्या जाळीकडे. चाचाची तर सगळ्यात आधी.

आता ऐका. त्याच भिंतीच्या पायाशी छावणीची सेप्टिक टाकी होती. आठवडाभर टँकर आला नव्हता. झाकणाच्या कडेने काळं पाणी वर येऊन बोळात पसरलं होतं, त्यात काय काय तरंगत होतं ते मी लिहीत नाही, वाचणारा जेवायला बसलेला असायचा. आम्ही त्याच घाणीत उभे होतो. चपला भिजल्या होत्या. आणि आमच्यातल्या एकानेही खाली बघितलं नाही.

ही चूक आमच्याच लोकांना जमते. शाळेत डबा उघडला की शेजारचा पोरगा बाक सरकवून घ्यायचा. मुंबईत भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक भाड्याच्या आधी विचारायचा, सुकं शिजवता का. एसटीत पिशवी पायाशी ठेवली की कंडक्टर म्हणायचा, टपावर टाका. आयुष्यभर हेच ऐकल्यावर काय होणार? जगात कुठेही कोणी नाकाला रुमाल लावला की कोकणी माणूस आधी स्वतःच्या हातांचा वास घेतो.

चाचाने जाळी सोडली. सगळी मासळी, गावाहून आणलेले बोंबीलसुद्धा, काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात टाकली. फरशी घासली, एसी पुसला, स्वयंपाकघरात लोबान जाळला. मग हात धुऊन टोपी नीट केली आणि म्हणाला, साहेबाकडे जातो.

“कशाला?” मी विचारलं.

“मना चिनी येते काय? साहेबाला सांगतो, त्या लोकांना माझी माफी कलव. शेजारी हायत ते.”

मी म्हटलं, “चाचा, गप बस. साफ केलंस ना, झालं. नसती बला अंगावर घेऊ नको.” पण तो गेला. मी पण मागोमाग गेलो.

साहेबाच्या खोलीत कॅम्प-बॉस बसला होता आणि नवीन लागलेला सौदी अधिकारी होता, तरुण पोरगा, नुकताच कॉलेजातून आलेला. चाचा दाराशी उभा राहिला. “साहेब, त्या भिंतीवर लिवलंय, त्याच्याबद्दल आलतो. माझ्या मासलीमुलं त्या लोकांना तरास झाला. परत नाय सुकवनार. तुम्ही त्यांना सांगा.”

साहेबाने मान वर केली आणि मला त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी अजून विसरलो नाही. त्याला आनंद झाला होता. “म्हणजे तुमच्या मासळीचाच वास ना, चाचा?” त्याने अगदी प्रेमाने विचारलं. “हो साहेब.” “तुम्हीच वाळवत होता ना?” “हो साहेब.” मग त्याने ते इंग्रजीत करून त्या दोघांना सांगितलं, आणि चाचाला म्हणाला, “या तुम्ही, काळजी करू नका. मी बघतो.” चाचा हलका होऊन बाहेर आला. म्हणाला, चांगला मानूस हाय.

चांगल्या माणसाने तो आठवडा उलटायच्या आत चाचाचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत पाठवायचा कागद, काढला. कारण: अस्वच्छता, शेजाऱ्यांची लेखी तक्रार, कुकने स्वतः कबुली दिली. लेखी तक्रार म्हणजे भिंतीचा फोटो. पायाशी असलेली टाकी त्या फोटोत येऊ नये इतपत वरून काढलेला.

माझं डोकं फिरलं. पण राग आधी चिन्यांवरच निघाला, हे आमचं अक्कलखातं. त्यांचा एक दुभाषा होता, पन्नाशीचा, गावाकडे शाळेत इंग्रजी शिकवायचा, इथे कंत्राटाचे कागद वाचायचा. त्याला मी बोळात गाठलं आणि इंग्रजीत तोंडाला येईल ते बोललो. एका म्हाताऱ्याच्या पोटावर पाय दिलात, त्याच्या बायकोची मक्का बुडवलीत, मासळीचा वास येत होता तर तोंडाने सांगता येत नव्हतं का. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोणती मासळी?”

मी एसीकडे बोट दाखवलं. त्याने जमिनीकडे दाखवलं.

“ते लिहिलंय ते याच्याबद्दल,” तो म्हणाला. “आमच्या ड्रायव्हरने लिहिलं. आमची माणसं इथून बसला जातात. त्यांनी चार वेळा सांगितलं टँकर बोलवा, कोणी ऐकेना.” मग तो मला भिंतीपलीकडे घेऊन गेला. त्यांच्या खोल्यांच्या मागे, एसीच्या युनिटांसमोर, दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर मीठ लावलेली मासळी लटकत होती. त्यांच्यातले बरेचसे समुद्रकाठचे. “तुमच्या बाजूने वास आला की आमचा स्वयंपाकी घरच्या आठवणीने रडवेला व्हायचा,” तो म्हणाला. 

तिथे एक धुळीने माखलेली पिकअप उभी होती. मी अजून धुमसतच होतो, मला समजावायचं म्हणून असेल, त्याने तिच्या बॉनेटवर बोटाने ते अक्षर काढलं आणि त्याचे दोन तुकडे केले. वरचा तुकडा म्हणजे नाक. फार जुन्या काळी ते नाकाचं चित्रच होतं. त्यांच्याकडे ‘मी’ म्हणताना माणूस छातीवर हात ठेवत नाही, स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवतो, म्हणून त्या नाकाचा अर्थ हळूहळू ‘स्वतः’ असा झाला. खालचा तुकडा म्हणजे कुत्रा. नाकाखाली कुत्रा. कारण वास घ्यावा तर कुत्र्याने, माग काढावा तर कुत्र्याने. एवढंच. चांगला वास, वाईट वास, असं त्यात काही नव्हतं. फुलाचाही वास तोच आणि मढ्याचाही तोच. पुढे माणसांनी ते वाईटाकडेच वापरायला सुरुवात केली आणि अक्षर नासलं. हुंगणे या साध्या गोष्टीसाठी मग त्याच्या शेजारी एक तोंड जोडून वेगळं अक्षर लिहायची वेळ आली.

मला आपलंच आठवलं. वास म्हणजे नुसता वास. पण “वास येतोय” म्हटलं की कोणी गुलाब शोधत नाही, चप्पल उलटी करून बघतो. चांगल्याला मुद्दाम सुवास म्हणावं लागतं.

आणि ते लोक हे अक्षर नुसतं गटाराला लावत नाहीत, तो सांगत होता. तापट माणसाच्या स्वभावाला लावतात. आरशासमोरून न हलणाऱ्याला लावतात. कोणाला खरपूस शिव्या घातल्या की त्या शिव्यांना लावतात. बुद्धिबळात कोणी मूर्ख चाल केली की त्या चालीला. मी विचारलं, आणि जो माणूस ज्याच्या हातचं खातो त्यालाच वासावरून हाकलतो, त्याला लावतात का? त्याने थोडा विचार केला. “त्याला कुत्रा लावत नाहीत,” म्हणाला. “कुत्रा खाल्लेलं विसरत नाही.”

मी त्याला घेऊन सरळ साहेबाच्या खोलीत गेलो. दुभाष्याने इंग्रजीत सगळं सांगितलं. अक्षर टाकीबद्दल होतं, मासळीबद्दल आमची काही तक्रार नाही, आम्हीही सुकवतो. तो सौदी पोरगा उठून उभा राहिला, म्हणाला, मला दाखवा. बोळात जाऊन आला, चेहरा कडवट झालेला, आणि आल्या आल्या टँकरवाल्याला फोन लावून अरबीत असं काही तासलं की दुपारपर्यंत टँकर हजर. काम म्हणतात ते हे. पण चाचाचा एक्झिट त्याच्या हातात नव्हता, तो नुकताच लागलेला, आणि साहेबाने त्याला इंग्रजीत सांगितलं की ती वेगळी फाइल आहे.

मग माझ्याकडे वळून मराठीत, आवाज खाली आणून, आपलेपणाने म्हणाला, “अरे, समजून घे ना. या महिन्यात एक नाव द्यायचंच होतं. कोणाचं देऊ? तुझं देऊ?”

“तू दर शुक्रवारी त्याच्या ताटात जेवलास,” मी म्हटलं.

“खाणं वेगळं. नियम वेगळा.”

“डबा भरून घेऊन गेलास.”

“हे बघ, मी त्याच्या तोंडात शब्द घातले नाहीत. तो स्वतःहून आला. आणि वास तर यायचाच की रे, खोटं का बोलायचं.” असं म्हणून त्याने नाकाने कांदे सोलल्यासारखा चेहरा केला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण मोजून झाल्यावर घराला बुरशी आलीय म्हणणारा हा पहिलाच. “एक्झिट रद्द कर,” मी म्हटलं. “अजून तो इथेच आहे. तुला करता येतो.” “सिस्टममध्ये गेलं,” तो म्हणाला. “खलास.” मला त्याच्या शर्टाची, त्याच्या हाताच्या अंगठीची, त्या एसीच्या थंड खोलीची इतकी किळस आली की मी दार न लावताच बाहेर पडलो.

चाचाला मी सगळं सांगितलं. टाकी, अक्षर, चिन्यांची मासळी. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान शिवी तरी घालेल. तो एवढंच म्हणाला, “म्हणजे त्यांना तरास नव्हता.” दोनदा म्हणाला. जणू काही मोठं ओझं उतरलं होतं. मला त्याचाही राग आला. म्हटलं, चाचा, तुला देशाबाहेर काढलंय आणि तुला त्यांचं पडलंय? तो बॅगेची चेन ओढत बसला.

विमानतळावर मीच त्याला सोडायला गेलो. आत जायच्या आधी त्याने माझा हात धरला. “गावाला फोन करशील, तवा चाचीला सांग, सौदायझेशन झालं. सरकारचा नियम, सगल्यांना काढला. वासावरून काढला म्हनू नको. मना तोंड दाखवाया जागा रानार नाय.” मी हो म्हटलं. आमच्याकडे त्या काळात सगळ्या घरांत हेच सांगितलं जायचं. दारू पिऊन पकडलेला, मालकाशी भांडलेला, कंपनी बुडालेला, सगळे सौदायझेशनमध्येच गेले होते. त्यात लाज नव्हती.

तो पोचायच्या आधी मी चाचीला फोन केला. म्हटलं, चाची, तुझा व्हिसा आता चालणार नाही, चाचा घरी येतोय, सौदायझेशन झालं, सरकारचा नियम, कोणाचा इलाज नाही. मी पाठ केलेलं सगळं एका दमात बोललो.

तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, “मंग आता तिथं सौदी मानूस भाकरी थापतो?”

“सरकारचा नियम, चाची,” मी पुन्हा तेच म्हटलं.

“बाबा, खरं सांग,” ती म्हणाली. “उमऱ्याला जायचं म्हनून मी परवाच घरोघर फिरून आली. आमच्या वाडीत, वरच्या मोहल्ल्यात, ज्यांच्याशी बोलनं नव्हतं त्यांच्याकडं पन. काय चुकलं माकलं असंल तर माफ करा, म्हनून हात जोडून आली. तरी हे असं झालं. म्हंजे कोन तरी रायला असनार. तिथं यांच्याकडून कोनाचं काय चुकलं असंल, तर मना त्याचा नंबर दे. यांना नाय जमायचं, मी मागते माफी.”

साहेबाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

“कोणाची माफी नाय रायली, चाची,” मी म्हटलं.